दाराजवळची खुर्ची

१

रोज सकाळी साडेनऊला ऑफिसात पोचलं की माझं पहिलं काम म्हणजे पडेल कार्यक्रम काढून टाकणं. 'पडेल' हा केदारचा शब्द. ज्याला एकही माणूस 'येणार' म्हणालेला नाही, तो कार्यक्रम पडेल. वारज्यात एका इस्त्रीवाल्याच्या वर दोन खोल्या घेऊन केदारनं कंपनी काढली होती आणि त्या दोन खोल्यांतून तो अख्ख्या पुण्याला एकत्र आणणार होता. पुणेकरांना एकत्र यायचं आहे का, हे त्यांना विचारायचं मात्र राहून गेलं होतं.

हे दोन हजार अकरा सालचं. साइटचं नाव 'भेटूया'. तिथं नाव नोंदवायचं, राहता कुठं, आवडतं काय, किती माणसांत बरं वाटतं, ते सांगायचं. मग आमचा प्रोग्राम तुम्हाला साजेसा कार्यक्रम आणि साजेशी माणसं शोधून मोबाइलवर निरोप धाडणार. शनिवारी सकाळी कोथरूडला पुस्तकांच्या गप्पा, तुमच्यासारखे अकरा जण येताहेत, येणार असाल तर १ पाठवा. केदार मालक, सदाशिव पेठेतला, माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी टेस्टिंग करायची. म्हणजे त्यानं मन लावून बांधलेलं मी मन लावून मोडून दाखवायचं.

माणसं जुळवण्याचं काम आमच्या घरात जुनंच होतं. माझे वडील, अण्णा, पालिकेच्या पाणीपुरवठ्यात शिपाई होते, पण बिबवेवाडीच्या आमच्या वस्तीत कचरू म्हटलं की लोकांना आठवायची ती त्यांची लाल पुठ्ठ्याची वही. लग्न असो, नामकरण असो, जयंती असो, कुणी गेलं म्हणून पुण्यानुमोदन असो, बोलावणी अण्णा करायचे आणि माणसं बसवायचेही तेच. वहीत प्रत्येक नावापुढं बारीक अक्षरात लिहिलेलं असे. शालू, पंख्याखाली नको, दमा. मैनाबाई, आणायला जावं लागतं. बाळ मास्तर, दोनदा सांगावं लागतं. माणूस गेला तरी अण्णा नाव खोडत नसत. बोलावलेल्याचं नाव काढायचं नाही, एवढंच म्हणायचे.

खुर्ची ठेवायचीही त्यांची एक रीत होती. लोखंडी खुर्ची फरशीवर आदळू नये म्हणून आधी मागचा एकच पाय टेकवायचा, मग उरलेले तीन. टक्. मग टप्. लहानपणी कार्यक्रमाच्या गर्दीत मी हरवले की त्या आवाजामागं जायचे आणि अण्णा सापडायचे.

साइट सुरू व्हायच्या आधी मला तपासणीसाठी खोटी माणसं हवी होती. आमच्या धंद्यात सगळेच अशी माणसं तयार करतात. कुणी नटांची नावं देतं, कुणी क ख ग घ. मी अण्णांच्या वहीतली पहिली बेचाळीस नावं दिली. अण्णांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं आणि त्यांचं अक्षर बघत बसायला मला निमित्त हवं होतं. फक्त नावं घातली, पुढचं बारीक अक्षरातलं काही नाही. मोबाइल नंबर मनाचे दिले. एक सोडून. आईच्या नावापुढं सवयीनं आईचाच नंबर बोटांतून उतरला.

साइट सुरू झाली त्या दिवशी ही बेचाळीस माणसं काढून टाकायची होती. ते माझ्या हातून राहून गेलं.

आणि त्या सोमवारी पडेल कार्यक्रम काढताना मला एक कार्यक्रम दिसला. गुरुवार, दुपारी चार ते सहा, समाजमंदिराचा हॉल, बिबवेवाडी. आयोजक, कोरं. कशासाठी, कोरं. येणारे, एकेचाळीस.

२

आमच्या साइटवर एकेचाळीस माणसं कधीच कशाला आली नव्हती. फुकट मिसळ ठेवली होती तेव्हा एकोणीस आले होते.

शिवाय आयोजकाचा रकाना कोरा ठेवून कार्यक्रम टाकताच येत नसे. ते मी स्वतः शंभरदा तपासलं होतं. मी नावांची यादी उघडली. पहिलं नाव कचरू. मग शालू, मैना, सरुबाई, मंदाकिनी. वहीतल्याच क्रमानं एकेचाळीस माणसं 'येणार' होती. उत्तर न दिलेलं नाव साइट तळाला टाकायची, तिथं बेचाळिसावी नंदा, म्हणजे माझी आई. तिच्यापुढं 'उत्तर नाही'.

"डमी आहेत ना ती तुझी?" केदारनं मान न वळवता विचारलं. "प्रोग्रामला रिकामा हॉल दिसला, रिकामी माणसं दिसली, त्यानं जुळवून टाकली. बसू दे बिचाऱ्यांना. चहा तरी मागत नाहीत."

"पण 'येणार' कुणी दाबलं, केदार?"

"तूच दाबलं असशील कधीतरी. काढून टाक. तुझीच माणसं आहेत."

पटण्यासारखं होतं. मला कुठलीही गोष्ट पटण्यासारखी असली की बरं वाटतं. आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. छप्पन्न साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देवांबरोबर भुतंही घराबाहेर पडली आणि परत कुणी त्यांना बोलावलं नाही. म्हणून मी शहाण्यासारखी नोंदी काढून बसले. कुणाला निरोप कधी गेला आणि उत्तर कधी आलं, हे त्यात मिनिटासकट असतं.

उत्तरं एकदम आली नव्हती. माणसं देतात तशी दिली होती. शालूमावशीचं लगेच. सरुबाईंचं दोन तासांनी. सगळ्यांना निरोप एकेकदा गेला होता. फक्त बाळ मास्तरांना दोनदा गेला होता, आणि दुसऱ्यानंतर त्यांचं उत्तर आलं होतं.

ते दोनदा सांगण्याचं मी कुठंही घातलेलं नव्हतं. ते फक्त वहीत होतं आणि वही आमच्या घरी कपाटात होती. मी खिडकी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा तेच दिसलं. काढून टाकायचं बटण समोर होतं आणि मी ते दाबलं नाही. भीतीनं नव्हे, खरं सांगते. बाळ मास्तर यायला तयार झाले याचं मला क्षणभर बरं वाटलं होतं.

३

त्या संध्याकाळी आई ओट्याशी बसून मेथी निवडत होती. अण्णा गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ती घराबाहेर पडलेली नव्हती. लग्नाला नाही, जयंतीला नाही, समोरच्या दुकानातसुद्धा नाही. मोबाइल बंद करून कपाटात टाकलेला. जेवण अर्धी भाकरी. ताटात उरलेली अर्धी ती झाकून ठेवायची आणि सकाळी मुकाट्यानं स्वतःच खायची. माझी आई माझ्या डोळ्यांदेखत रोज थोडी कमी होत होती आणि शहरभराची माणसं जुळवणाऱ्या मला तिला दाराबाहेर काढता येत नव्हतं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, शालूमावशी कुठं असते गं आता?"

"शालू? गेली की. दमा वाढला होता."

"आणि मैनाबाई?"

"तिला तर जाऊन सात-आठ वर्षं झाली."

"सरुबाई?"

"गेल्या. मुलाकडं असताना, भोसरीला."

"मंदाकिनी?"

"गेली."

मी विचारत गेले आणि ती पानं खुडत उत्तरं देत गेली. देठ एकीकडं, पानं एकीकडं. बारा-पंधरा नावांनंतर ती 'गेली' असंही म्हणेना, नुसती मान हलवायला लागली. जिवंत एकही निघालं नाही. वहीची पहिली पानं होती, सगळ्यात जुनी. असणारच, मी मनाशी म्हटलं.

शेवटी तिनं वर पाहिलं. "कुणाची हजेरी घेतेयस?"

"कुणाची नाही. सहज."

"सहज बेचाळीस माणसं विचारतं होय कुणी?"

मी काही आकडा सांगितलेला नव्हता. ती पुन्हा मेथीत गुंतली होती.

४

मंगळवारी ऑफिसला जायच्या आधी मी दोन गोष्टी केल्या. आईचा मोबाइल कपाटातून काढून चार्जिंगला लावला. मी दिवसभर लांब, काही लागलं तर फोन असलेला बरा, असं तिला सांगितलं. आणि समाजमंदिरात गेले.

तिथं संभाजी नावाचे राखणदार होते, मुळशीकडचे, नळाजवळ खाट टाकून बसलेले. गुरुवारी चारला काय असतं, मी विचारलं.

"तुमचाच हाय की कार्यक्रम," ते म्हणाले. "तीन गुरुवार झालं. कॉम्प्युटरवरनं चिठ्ठी येतीय कमिटीच्या हापिसात."

"किती माणसं येतात?"

"मोजली न्हाईत. पण हॉल भरतुया."

"तुम्ही बघितलीत?"

"मी बाहेरच बसतो. आत गेलं की उगं कुणाच्या मधी आल्यागत वाटतं. पण माणसं चांगली हायेत. सहाला आत जावं तर एक कागदाचा कपटा नसतो."

आत पत्र्याचं छप्पर, सहा पंखे, पुढं भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. मी पाऊल टाकलं तर त्याचा आवाज पत्र्यावर आदळून परत आला. रिकामा हॉल होता, रिकाम्या हॉलसारखाच वाजत होता. मला हायसं वाटलं.

मग खुर्च्या दिसल्या. लोखंडी, निळ्या, मांडून ठेवलेल्या. "मांडल्या कुणी?" मी ओरडून विचारलं. बाहेरून संभाजी म्हणाले, "मी न्हाई बाबा. मी येतो तवा मांडलेल्याच असत्यात."

रांगा सरळ नव्हत्या. कुणीतरी विचार करून मांडलेल्या होत्या. एक खुर्ची पंख्याच्या वाऱ्यातून बाजूला घेतलेली. दोन खुर्च्या, ज्यांचं आपसात पटत नाही अशा माणसांसाठी असाव्यात तशा, एकाच रांगेची दोन टोकं धरून. बाळ मास्तरांना ऐकू कमी यायचं, त्यांची अगदी पुढं. मी वही न उघडता एकेका खुर्चीवर नाव सांगू शकत होते. मोजल्या. बेचाळीस.

बेचाळिसावी दाराला लागून, एकटी होती. वहीत दुसऱ्या ओळीवर लिहिलंय, नंदा, दाराजवळ, मधे बसली की तिला कोंडल्यासारखं होतं. अण्णा प्रत्येक कार्यक्रमात आधी ती खुर्ची ठेवायचे, मग बाकीच्या. बाकीच्या खुर्च्यांवर बारीक धूळ होती. ही एक पुसलेली होती.

५

उत्तर न दिलेल्या माणसाला आदल्या दिवशी सकाळी दहाला पुन्हा निरोप जातो, त्याआधी नाही. ही सोय मीच तपासून पास केली होती. बुधवारी सकाळी सव्वादहाला मला ते आठवलं आणि मी यादी उघडली. येणारे, बेचाळीस.

मी आईला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं फोन उचलला.

"आई, तुला मेसेज आला का कसला?"

"आला की. उद्याचा निरोप आहे. एक पाठवायला सांगितला होता, पाठवला."

"कुणाचा आहे माहितीय का?"

"निरोप निरोप असतो, सोना. कुणाचा काय विचारायचं?" मागं काहीतरी खळखळत होतं. ती साडी धूत होती. "पांढरी साडी पिवळी पडलीय बघ कपाटात राहून. नीळ कुठं ठेवलीस?"

मी अर्धी सुट्टी टाकून घरी आले. आई जेवायला बसली होती. आख्खी भाकरी तिनं खाल्ली, वर अर्धी आणखी घेतली आणि पिठलं पुसून घेतलं. मधेच ती गुणगुणायला लागली. दोरीवर पांढरी साडी वाळत होती, कार्यक्रमाला नेसायची. मी गेली दोन वर्षं हेच तर मागत होते. तिनं जेवावं, तिनं कुठंतरी जावं, तिला कुणीतरी बोलवावं. आणि आता ते समोर होतं तर मला ते नको होतं. मला माझी आई हवी होती, झिजलेली, अर्ध्या भाकरीची, पण माझ्याजवळ.

"नको जाऊस उद्या," मी म्हटलं.

"का?"

जे सांगायचं होतं ते बोलले असते तर मीच ते मानलं असं झालं असतं.

"ऊन असतं," मी म्हटलं.

"छत्री आहे," आई म्हणाली.

६

अण्णांनी बुधवार पेठेतून जुना कॉम्प्युटर आणून दिला होता, त्यावर मी शिकले. तो अजून घरी चालू होता. आई दुपारची पडली तेव्हा मी त्यावर बसले आणि यादीतल्या दुसऱ्या नावावर आले. नंदा. काढून टाका. आमच्या साइटनं नेहमीसारखं विचारलं, नक्की?

मी 'हो' दाबलं. येणारे, एकेचाळीस.

तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. कपाटातून लाल वही काढली आणि पहिल्या पानावर, अण्णांच्या अक्षरावर, पेनानं आडवी रेघ मारली. त्या वहीत तोवर एकही नाव खोडलेलं नव्हतं. रेघ मारून झाल्यावर मला इतकी लाज वाटली की मी वही साड्यांच्या खाली दडवून ठेवली, लहानपणी चोरून खाल्लेल्या गुळाचा डबा दडवायची तशी.

बाकीच्या एकेचाळिसांना मी हात लावला नाही. आलेल्या माणसांना दारातून परत कसं पाठवायचं? आमच्या घरात ते कुणी कुणाला केलेलं नव्हतं.

७

गुरुवारी तीनला आई तयार होती. पांढरी साडी, केसांना तेल, हातात छत्री. नाव काढलंय हे मी तिला सांगितलं नाही. जाऊ दे, हॉलवर काही नसेल, रिकाम्या खुर्च्या बघेल आणि परत येईल, असं मी स्वतःला रिक्षाभर समजावत होते.

संभाजी नळाजवळ बसले होते. आईला बघून ते उठून उभे राहिले. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हॉलचं दार उघडं होतं. बाहेरच्या पायरीवर चपला नव्हत्या. एकही नाही. तरी आईनं स्वतःच्या चपला काढून अगदी टोकाला, मोरीच्या कडेला नेऊन ठेवल्या, जणू मधे कुठं जागाच नव्हती.

मी तिच्या मागोमाग दारात पाऊल टाकलं आणि थांबले. पावलाचा आवाज परत आला नाही. पत्रा तोच, भिंती त्याच, पण आवाज मधेच कुठंतरी जिरला. माणसांनी भरलेल्या खोलीत तो तसाच जिरतो. कुणी बोलत नसलं तरी अशा खोलीची एक ऊब असते, कपड्यांची, श्वासांची, ती माझ्या तोंडावर आली. समोर निळ्या खुर्च्या होत्या. कुणी बसलेलं मला दिसलं नाही. मी डोळे ताणून बघितलं, शपथेवर सांगते, कुणी दिसलं नाही.

दाराजवळची खुर्ची तिथं नव्हती. आईनं त्या रिकाम्या जागेकडं बघितलं. मग माझ्याकडं.

तेवढ्यात खुर्च्या सरकल्या. सगळ्या, एकदम, वीतभर मागं. एकेचाळीस माणसं एका वेळी उठून उभी राहिली की जसा आवाज होतो तसा तो लोखंडाचा आवाज हॉलभर झाला आणि थांबला. मला वाटलं ती भीती नव्हती, निदान नुसती भीती नव्हती. दाराशी एक बाई ताटकळत उभी आहे आणि तिला खुर्ची नाही, म्हणून अख्खा हॉल आपली जागा द्यायला उठला होता. आयुष्यभर ज्यांना कुणी खुर्ची दिली नाही अशी ती माणसं होती. मला त्यांच्यापुढं मान वर करवेना.

मग पहिल्या रांगेतली कडेची एक खुर्ची जमिनीवरून जराशी उचलली गेली. हात दिसला असं मी म्हणणार नाही. मधल्या वाटेनं ती दारापर्यंत आली, आईसमोर आली आणि खाली ठेवली गेली.

टक्. मग टप्.

मी आईचा पदर धरला. बत्तीस वर्षांची बाई मी, पोरीसारखा दोन्ही मुठींत धरला. "आई, नको," एवढंच मला म्हणता आलं आणि मग रडूच फुटलं.

आईनं त्या खुर्चीकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अण्णा असताना कधीतरी बघितलं होतं आणि विसरून गेले होते. तिनं हात जोडले.

"जय भीम," ती म्हणाली. "बसा, बसा सगळी. माझं नाव आज नाही यादीत. पोरीला अजून मी लागतेय." मग जवळच्या खुर्चीकडं वळून, अगदी हळू, "अहो, तुम्हीपण बसा. उभं राहून पाय दुखतील."

चाळीस खुर्च्या पुढं सरकल्या. दाराजवळची सरकली नाही. आम्ही पायरी उतरेपर्यंत ती तिथंच होती. पाहुणा नजरेआड होईपर्यंत अण्णा कधी बसत नसत.

८

रिक्षात आई म्हणाली, "नाव काढलंस ना?"

"हो."

"वहीतलं पण?"

मी मान हलवली. गंगाधामचा चौक गेला, शाळा सुटली होती.

"काढलंस ते काढलंस," ती म्हणाली. "पण परत घालशील ते मला विचारून घाल. आणि मी सांगेन तेव्हा घाल. तेव्हा मागंपुढं करायचं नाही. कळलं?"

"कळलं."

त्या दिवसापासून आई आख्खी भाकरी जेवायला लागली. मग लग्नांना जायला लागली, जयंतीला, कुणाकुणाच्या पुण्यानुमोदनाला. शालूमावशीच्या नातीचं नामकरण तिनंच पुढं होऊन केलं आणि माणसं बसवली. कुठं जायचंय ते एकदा ठाऊक झालं की माणूस निवांत होत असावा. मी तिला त्या दुपारबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं आणि ते मला पेललं नसतं.

'भेटूया' वर्षभरात बंद पडली. पुणेकरांना एकत्र यायचं नव्हतं. केदार बेंगळुरूला गेला. शेवटच्या दिवशीही पडेल कार्यक्रमांमध्ये न पडलेला तो एकच गुरुवार उभा होता, येणारे एकेचाळीस, आणि मी तो तसाच ठेवून मशीन बंद केली.

आईची साडेचार वर्षं मला मिळाली. चोरलेली म्हणा, पण मिळाली. मग तिच्या पोटात गाठ निघाली आणि दवाखान्यानं दिवाळीनंतर तिला घरी न्यायला सांगितलं. पुढच्या खोलीत, दाराजवळ, तिची कॉट टाकली. मधे तिला कोंडल्यासारखं होतं.

एका दुपारी मी तिचे पाय चेपत बसले होते. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं.

"आज वार कुठला?" तिनं विचारलं.

"बुधवार."

"म्हणजे उद्या गुरुवार." तिनं डोळे मिटले, उघडले. "घाल नाव."

मला ऐकू आलं होतं. तरी मी म्हटलं, "साइट कधीच बंद झाली, आई."

"वही आहे ना?"

"आहे."

"मग? मागंपुढं करायचं नाही, ठरलंय आपलं."

मी उठून साड्यांखालून वही काढली. पहिल्या पानावरची माझी रेघ तशीच होती. शेवटच्या भरलेल्या पानावर, अण्णांच्या शेवटच्या ओळीखाली, मी पेन टेकवलं. लिहायच्या आधी मी तिला विचारलं, आमची साइट विचारायची तसंच, "नक्की?"

"नक्की," आई म्हणाली आणि माझ्याकडं बघून हसली.

मी लिहिलं, नंदा. पुढं बारीक अक्षरात, दाराजवळ. पेन उचललं आणि वही मिटली. घरात आम्ही दोघीच होतो आणि खुर्च्या सगळ्या स्वयंपाकघरात होत्या. कॉटच्या पलीकडं, उंबऱ्यापाशी, फरशीवर आधी एक पाय टेकला. मग उरलेले तीन.